‘लकवा’ म्हणजे नेमके काय?

गेल्या वर्षी आपल्या हिवरा आश्रम परिसरातील एक आजी शौचास काळे होते म्हणून आल्या. जठरात रक्तस्राव होत होता. कित्येक वर्षे त्या रोज अ‍ॅस्पिरिन घेत होत्या. कशासाठी, तर ‘लकवा होऊन गेला’ म्हणून. मुलाने जुना कागद काढला. त्यावर ‘लकवा’ एवढाच शब्द होता आणि अक्षर माझे होते. आजींचे तोंड तेव्हा केवळ वाकडे झाले होते. घरच्यांना समजावे म्हणून मी तो शब्द लिहिला. पुढे दुसरीकडे त्या शब्दावरून गोळी सुरू झाली.

लकवा या एका शब्दात निदान तीन आजार दडलेले असतात. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्यास अ‍ॅस्पिरिन बहुधा लागते. रक्तवाहिनी फुटली असल्यास तीच गोळी घातक ठरू शकते. आणि चेहऱ्याचा मज्जातंतू दुखावला असल्यास तिचा उपयोग नसतो. उलट, एकाच आजाराला कोणी अर्धांगवायू म्हणते, कोणी पक्षाघात, तर शहरातील रुग्णालय ‘स्ट्रोक’ लिहिते. माणूस या नावांचा मेळ घालतो. नुसती अक्षरे जुळवणाऱ्या संगणकाला ‘स्ट्रोक’ शोधायला सांगितले, तर ‘पक्षाघात’ त्याला सापडत नाही.

यासाठीच प्रमाणित संज्ञा आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या वर्गीकरणात गुठळीचा झटका आय ६३, मेंदूतील रक्तस्राव आय ६१ आणि चेहऱ्याचा लकवा जी ५१.० असा वेगळा नोंदवला जातो. ‘स्नोमेड सीटी’ हा संज्ञाकोश त्याहून सूक्ष्म आहे : एका संकल्पनेला एक क्रमांक आणि तिची पर्यायी नावे त्याच क्रमांकाखाली. भारत २०१४ पासून त्याचा सदस्य आहे. देशातील त्याचे काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये चालते.

आपल्यापैकी अनेकांनी १४ अंकी आभा क्रमांक काढला आहे. तो उत्तमच, परंतु त्याला जोडलेली नोंद म्हणजे माझ्यासारख्याच्या हस्ताक्षराचा फोटो असेल, तर त्यातून आजार शोधून काढणे संगणकाला अवघडच. म्हणून रुग्णालयातून घरी सोडताना ‘गुठळी होती की रक्तस्राव?’ असे स्पष्ट विचारा, निदान पूर्ण शब्दांत लिहून मागा, सांकेतिक क्रमांक असल्यास तोही घ्या. सीटी स्कॅनचा अहवाल आजारपण संपले तरी टाकू नका. आणि हा लेख वाचून अ‍ॅस्पिरिन परस्पर बंद करू नका. आधी कागद घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा.