शेड टाकण्याआधी लसीचा डबा उचला



शेणवा, किन्हवली, डोळखांब, मुरबाड या पट्ट्यातल्या तरुणांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, गावठी कोंबड्यांची शेड टाकतो, कर्ज किती मिळेल?" माझं मत सरळ सांगतो. आत्ता शेड टाकू नका. त्याआधी एक धंदा तुमच्या पाड्यावरच पडून आहे, आणि त्याला कर्जही लागत नाही.

आपल्याकडे घराघरात पाच-दहा कोंबड्या असतातच. गिऱ्हाईकही आहे. गटारीच्या आठवड्यात गावठी कोंबडा शोधत लोक शहरातून गावात येतात. मग पैसा अडतो कुठे? मानमोडीत. रोग आला की आठवड्याभरात खुराडं रिकामं. हिरवट-पांढरी हगवण, धाप, मान वाकडी, पाय लुळे. याला राणीखेत म्हणतात. हा विषाणूचा रोग आहे, एकदा लागला की औषध नाही. हळद, लसूण, मेडिकलमधली गोळी, कशानेही तो बरा होत नाही. उपाय एकच, आधी लस.

लस महाग नाही, नवीनही नाही. मग लोक टोचून का घेत नाहीत? इथेच धंद्याची गोम आहे. लसीची बाटली साधारण शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची येते. एकदा पाण्यात मिसळली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. आठ कोंबड्यांची मालकीण शंभराची बाटली कशाला आणेल? आणली तरी उरलेली फेकणार. शिवाय दुकानापासून घरापर्यंत ती बर्फातच हवी. म्हणजे अडचण लसीची नाही, दहा-बारा घरं एका सकाळी जोडणाऱ्या माणसाची आहे. तो माणूस तुम्ही व्हा.

आफ्रिकेत हे करून दाखवलंय. ऑस्ट्रेलियाच्या मदतीने 'आय-२' नावाची, उष्णता थोडी जास्त सोसणारी लस तयार झाली. मोझांबिक, टांझानियासारख्या देशांत गावातल्याच लोकांना, त्यातही बऱ्याच बायकांना, डोळ्यात एक थेंब टाकायचं शिकवलं. दर चार महिन्यांनी फेरी, आणि दर कोंबडीमागे थोडे पैसे. त्यांच्याकडेही कोंबड्या मोकळ्याच फिरतात, आपल्यासारख्याच. शिकण्यासारखी गोष्ट ही, की लस घरापर्यंत पोचवायला गावातलाच माणूस लागला, आणि त्याला कामाचे पैसे मिळाले.

आता हिशोब करू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला. समजा कोंबडीमागे ५ रुपये घेतले. बाटली फोडल्यावर शंभर कोंबड्या झाल्या तर ५०० रुपये आले. तीसच झाल्या तर १५०. पण बाटली, बर्फ, पेट्रोल यांचा खर्च दोन्ही वेळेला तेवढाच. म्हणून कमाई दर वाढवून होणार नाही, एका बाटलीत किती कोंबड्या बसवता यावर होईल. आदल्या दिवशी घरोघर फिरून मोजणी करा, नावं वहीत लिहा. पहाटे कोंबड्या खुराड्यातून सुटायच्या आत पोचा. एक जण पकडेल, दुसरा लस देईल.

काही नियम मोडायचे नाहीत.

पहिला, स्वतःच्या मनाने सुई हातात घ्यायची नाही. जनावरांवरचे उपचार हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचं काम आहे, लसीकरणासारखी छोटी कामंसुद्धा त्यांच्या देखरेखीखालीच. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, परवानगी आणि प्रशिक्षण दोन्ही विचारा. ताई बचतगटात असतील तर 'उमेद'कडे पशुसखीची चौकशी करा.

दुसरा, पिल्लाची लस वेगळी, मोठ्याची वेगळी. लासोटा पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. आर-टू-बी साधारण आठ आठवड्यांच्या पुढे, सुईने. ही दुसरी लहान पिल्लाला दिली तर पिल्लू दगावू शकतं. पुढचे डोस डॉक्टर ठरवतील.

तिसरा, ज्या घरात मर चालू आहे तिथे लस द्यायला जाऊ नका. रोग आधीच अंगात असेल तर कोंबडी मरणार आणि नाव तुमचं खराब होणार. वर तुमच्याच चपलेने रोग पुढच्या घरी जाईल. पाड्यावरून पाड्यावर जाताना हातपाय धुवा.

तुम्ही म्हणाल, "सर, लोक पैसे देणार नाहीत, सरकार फुकट देईल म्हणतील." खरं आहे, पहिल्या फेरीला कुरकुर होईल. सरकारी लस मिळत असेल तर तीच न्या आणि पैसे फक्त फेरीचे घ्या, पण तेही दवाखान्याला विचारूनच. साथीचा हंगाम गेल्यावर शेजारच्या पाड्यावरची खुराडी आणि तुमच्या गिऱ्हाइकांची खुराडी लोक स्वतः बघतील. म्हणून पहिल्या वर्षी पैशापेक्षा वही जपा. कोणाकडे किती कोंबड्या, कधी लस दिली, किती मेल्या, सगळं लिहा.

यावर महिन्याचं घर चालणार नाही, हेही स्पष्ट सांगतो. महिन्यातल्या काही सकाळी एवढंच हे काम आहे. पण वर्षभराने तुमच्या वहीत दोन-तीनशे घरं असतील, आणि कोणाकडे विकायला कोंबडे आहेत हे तुम्हालाच माहीत असेल. गटारीला माल गोळा करायचा धंदा तिथून सुरू होतो. शेडही तेव्हाच टाका, कारण तोवर कोंबडी जगवायची कशी हे दुसऱ्यांच्या खुराड्यात तुम्ही शिकलेले असाल. कर्ज काढून पाचशे पिल्लं आणायची आणि मानमोडीत गमवायची, हप्ते मात्र चालूच, अशी वेळ कोणावर येऊ नये.

या रविवारी एवढंच करा. आपल्या पाड्यावर फिरा, कोंबड्या मोजा, मागच्या वर्षी किती मेल्या ते विचारा. सोमवारी तीच वही घेऊन दवाखान्यात जा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.