आधी ब्रेक, मग वेग

जुन्या मोटारींची शर्यत म्हटली की संस्थानिकांचा थाट डोळ्यांपुढे येतो. इंग्लंडमध्ये १९२२ साली आलेल्या ऑस्टिन सेव्हन या छोट्या गाडीने ते चित्र पालटले. हर्बर्ट ऑस्टिन यांनी स्टॅन्ले एज या १८ वर्षांच्या ड्राफ्ट्समनला हाताशी धरून ती आखली. १९३९ पर्यंत सुमारे २ लाख ९० हजार गाड्या निघाल्या. पुढे जुन्या गाड्या स्वस्तात मिळू लागल्या तेव्हा होतकरू पोरांनी त्याच शर्यतीसाठी बांधल्या. लोटसचे कॉलिन चॅपमन यांची १९४८ ची पहिली गाडी जुन्या ऑस्टिन सेव्हनवरच उभी राहिली. न्यूझीलंडच्या ब्रूस मॅकलारेन यांची पहिली शर्यतीची गाडीही हीच. इंग्लंडमधल्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबच्या शर्यतींत ऑस्टिन सेव्हन आजही धावते.

अशी पहिली गाडी घेणाऱ्याचा हिशोब कुठे चुकतो, ते पाहू. गाडीची किंमत म्हणजेच सगळा खर्च, असे तो धरून चालतो. आम्ही म्हणू, हातातल्या रकमेचे तीन वाटे करा. एक खरेदीचा, दुसरा दुरुस्तीचा, तिसरा शर्यतींचा आणि अडीअडचणीचा. घरभाडे आणि मुलांची फी या हिशोबात धरूच नये.

खरेदी करताना खोक्यात भरलेले सुटे भाग स्वस्त म्हणून घेऊ नका. नेमका जो भाग नाही तोच महाग पडतो. चालती गाडी घ्या, आणि जाणत्या फिटरला दाखवून घ्या.

दुरुस्तीचा पहिला पैसा ब्रेकवर. या गाडीचे ब्रेक तारेच्या ओढीवर चालतात, मुळातच बेताचे. मग स्टिअरिंग, चाकांचे आरे, टायर आणि पेट्रोलची नळी. इंजिनाची पाळी त्यानंतर. ७४७ सीसीच्या या इंजिनात, शेवटच्या काही वर्षांच्या गाड्या सोडल्या तर, क्रँकशाफ्टला आधार फक्त दोन टोकांच्या बेअरिंगांचा. फार पळवले की शाफ्ट मध्ये लवतो, कधी तुटतोही, आणि तुटताना बाकीचे इंजिन घेऊन जातो. म्हणून ताकद वाढवण्याआधी शाफ्टला तडा आहे का ते तपासून घ्यावे. तडा निघाला तर नव्या मजबूत शाफ्टसाठी पैसे लागतील, ते आधीच बाजूला असावेत.

तिसऱ्या वाट्यातून हेल्मेट, आगीला दाद न देणारा पोशाख, अग्निशामक नळकांडे, परवाना, प्रवेश फी आणि गाडी मैदानापर्यंत नेण्याचे भाडे. हेल्मेट मात्र कुणाचे वापरलेले घेऊ नये. आधी पडलेल्या हेल्मेटची इजा वरून दिसत नाही.

पहिल्या वर्षी नंबराचा हव्यास नको. गाडी धड शेवटपर्यंत गेली, तपासणीत पास झाली आणि चालवणारा सुखरूप घरी आला, की त्या वर्षाची कमाई झाली. पैसे कमी पडले तर रंग थांबवा, वेग थांबवा, एखादी शर्यत सोडा. ब्रेकमध्ये मात्र काटकसर नको. घरी वाट पाहणारी माणसे त्या ब्रेकच्या भरवशावर असतात.