चार तासांचे बेट

गेल्या वर्षी मे महिन्यात माझा मावसभाऊ आणि वहिनी पुण्याहून आमच्याकडे नागोयाला आले होते. त्याआधी ते ग्रीसला जाऊन आले होते आणि तिथे सँटोरिनी बेटावर त्यांनी पाच तासांची खाजगी सहल घेतली होती. बंदरावर नावाची पाटी धरून उभा असलेला ड्रायव्हर, थंडगार व्हॅन, निळे घुमट, पांढऱ्या भिंती, ओइया गावात तासभर, एका ठिकाणी वाइनची चव, आणि जहाज सुटायच्या आत परत. "एक मिनिट वाया गेलं नाही बघ," असे दादा कौतुकाने सांगत होता. मग म्हणाला, "तुमच्याकडेही समुद्र आहे, म्हणजे बेटं असणारच. तसंच काहीतरी ठरव ना. आम्हाला काही सगळं बघायचं नाही, महत्त्वाचं तेवढं. आणि लोकांच्या बोटीत ताटकळणं नको गं, हिच्या गुडघ्यांना झेपत नाही."

बेटे आहेतच. नागोयाच्या दक्षिणेला मिकावा उपसागराच्या तोंडाशी तीन छोटी वस्तीची बेटे आहेत. हिमाका ऑक्टोपस आणि फुगू माशासाठी प्रसिद्ध. शिनो बेटावरून इसेच्या महामंदिरात नैवेद्यासाठी खारवलेला ताई मासा जातो. तिसरे साकू, जे निशिओ शहराच्या हद्दीत येते. जेमतेम दोन चौरस किलोमीटरचे बेट, वस्ती दोनशेच्या आसपास, आणि त्यातले बहुतेक वयस्कर. खाऱ्या वाऱ्यापासून लाकूड टिकावे म्हणून तिथल्या घरांच्या भिंतींना डांबर फासलेले असते. त्यामुळे अख्खी गल्ली काळीभोर दिसते. माणसे कमी होत चालली, तेव्हा रहिवाशांनी १९९६ मध्ये बेट सुंदर राखण्यासाठी एक मंडळ काढले आणि २००१ पासून तिथे आधुनिक कलाकृती उभ्या राहू लागल्या. आज जपानी तरुण-तरुणी त्यांचे फोटो काढायला येतात.

तर मी व्हॅन ठरवली, इंग्रजी बोलणारा वाटाड्या ठरवला आणि भाड्याची मोटारबोट ठरवली. शहराची प्रवासी बोट इश्शिकी बंदरातून माणशी आठशे येनच्या आसपास घेऊन वीस-पंचवीस मिनिटांत बेटावर पोचवते. आमचा खर्च त्याच्या कितीतरी पट झाला. चार तासांत काळी गल्ली झाली, समुद्राकडे तोंड करून ठेवलेल्या, आडवे पडून झोप काढायच्या त्या काळ्या खोक्यांत फोटो झाले, मासे-भात झाला. शिकोकूच्या ८८ देवळांच्या यात्रेची एक छोटी प्रतिकृती या बेटावर आहे, झाडीतून चालत करायची. ती अर्थातच वेळापत्रकात बसली नाही. सगळे ठरल्याप्रमाणे पार पडले. तक्रार करावी असे काहीही घडले नाही.

परतताना आमची बोट यायला दहा मिनिटे होती, तेवढ्यात शहराची प्रवासी बोट धक्क्याला लागली. तांदळाच्या पिशव्या, खोकी, डायपरचे गठ्ठे उतरले. मागोमाग एक आजी उतरल्या, हातात औषधांची पिशवी. बोटीवरच्या माणसाने त्यांना हात दिला, धक्क्यावरच्या दुसऱ्या आजींनी त्यांची पिशवी घेतली. दोघी आमच्याकडे बघून किंचित वाकल्या आणि चालू लागल्या. दादाने विचारले, "इथं डॉक्टर नसतो का गं?" मला नीट सांगता येईना. चार तास बेटावर होतो, पण हा प्रश्न विचारावा असा एकही माणूस आम्हाला भेटला नव्हता. वाटाड्याही नागोयाचाच होता.

तो प्रश्न मला पूर्वीही एकदा विचारला गेला आहे, आणि तेव्हाही मी निरुत्तर झाले होते. २००९ साली माझा एक जपानी सहकारी परिषदेसाठी मुंबईला आला होता. त्याच्याकडे अर्धा दिवस होता. मी मोठ्या अभिमानाने खाजगी लाँच ठरवून त्याला घारापुरीला नेले. त्रिमूर्ती दाखवली, पोर्तुगीजांनी 'एलिफंटा' हे नाव ज्या दगडी हत्तीवरून दिले तो आता भायखळ्याला संग्रहालयाच्या आवारात आहे हेही सांगितले. उतरताना त्याने पायऱ्यांवरच्या दुकानदार बायकांकडे बघून सहज विचारले, "रात्री ही माणसे कुठे असतात?" मी म्हणाले, "मुंबईला परत जात असतील."

ते साफ चूक होते. घारापुरीवर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावे आहेत. हजार-बाराशे माणसे तिथे पिढ्यान् पिढ्या राहतात. ग्रामपंचायत आहे, शाळा आहे, पुढच्या शिक्षणासाठी मुले पाण्यापलीकडे जातात. आणि त्या वेळी तिथे वीज नव्हती. संध्याकाळी काही तास जनरेटर चाले, मग अंधार. समोर दहा किलोमीटरवर मुंबई रात्रभर लखलखत असे. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून घारापुरीला कायमची वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. जन्माने मी महाराष्ट्रातली, विज्ञानाची डॉक्टरेट केलेली, स्वतःला पुरोगामी म्हणवणारी. शेवटची बोट सुटल्यावर त्या बेटावर काय होते, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

इथे कोणी म्हणेल, यात खाजगी सहलीचा काय दोष? साध्या लाँचने गेली असतीस तरी वीज येणार नव्हती. बरोबर आहे. म्हणूनच मुद्दा जरा नीट मांडते.

अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली एक छोटे पण फार मोलाचे पुस्तक लिहिले. एखादी सेवा खालावली की ग्राहकापुढे दोन मार्ग असतात: सोडून जाणे किंवा आवाज उठवणे. बाजारावर विश्वास असणारे म्हणतात, लोक सोडून गेले की सेवा आपोआप सुधारते. हर्शमन नायजेरियाच्या रेल्वेचे उदाहरण देतात. माल पाठवायला ट्रकचा पर्याय निर्माण झाला तरी रेल्वे सुधारली नाही. कारण ज्यांचा आवाज लागू पडला असता, ज्यांना फरक कळत होता आणि ओरडायची ताकद होती, तेच सर्वांत आधी ट्रककडे गेले. उरले ते ज्यांना पर्यायच नव्हता. आपल्याकडच्या सरकारी शाळा आणि सरकारी दवाखाने यांची कथा यापेक्षा वेगळी आहे का?

बेटाच्या बाबतीत हे फार उघडपणे दिसते, कारण बेटाला रस्ता एकच असतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. तिच्या इंजिनाची चाचणी चालू होती. या अपघातात १५ जणांचा जीव गेला. प्रवासी बोटीत शंभराहून अधिक माणसे होती. त्यानंतर जीवरक्षक जाकिटांची, क्षमतेपेक्षा जास्त प्रवाशांची चर्चा झाली. ज्यांनी त्याआधी अनेक वर्षे ही चर्चा लावून धरायला हवी होती, ते माझ्यासारखे लोक स्वतंत्र लाँचमध्ये होते. आम्हाला जाकीट मिळत होते. उतारूंच्या बोटीत काय परिस्थिती आहे हे आम्हाला माहीत नव्हते, कारण तिच्यात न बसण्याचे पैसे आम्ही मोजले होते.

दुसरा मुद्दा 'पर्यटनाने विकास होतो' या वाक्याचा. घारापुरीची लेणी १९८७ साली जागतिक वारशाच्या यादीत आली. वीज आली २०१८ मध्ये. मधली ३१ वर्षे बोटी भरभरून पर्यटक येतच होते. पर्यटकाला सूर्यास्तानंतर बेटावर राहायची परवानगी नसते, मग त्याला रात्रीच्या दिव्याची गरज ती काय? पर्यटक ज्या तासांत येतो आणि ज्या वाटेने जातो, तेवढ्याच तासांचा आणि तेवढ्याच वाटेचा विकास होतो. चार तासांच्या सहलीतून चार तासांपुरते बेट तयार होते.

जपानने याचा विचार वेगळ्या टोकाकडून केला. १९५३ साली इथे दूरस्थ बेटांच्या विकासाचा स्वतंत्र कायदा झाला. गावोगाव पायी हिंडलेले लोकजीवनाचे अभ्यासक मियामोतो त्सुनेइची त्यामागच्या चळवळीत होते. पर्यटक येवोत न येवोत, बेटावरच्या माणसाला बंदर, बोट, वीज, पाणी, वैद्यकीय सेवा मिळण्यासाठी सरकारने हातभार लावावा, अशी त्यामागची भूमिका. कायदा दहा-दहा वर्षांच्या मुदतीचा आहे आणि दर वेळी वाढवला गेला आहे, अलीकडे २०२२ मध्ये. म्हणूनच साकूसारख्या दोनशे माणसांच्या बेटाची प्रवासी बोट आजही शहर स्वतः चालवते. अर्थात जपानचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. इतके करूनही इथली बेटे रिकामी होतच आहेत, कारण सोयी दिल्या तरी तरुणांना काम लागते. तिथे पर्यटनाचा उपयोग आहे, हे साकूच्या रहिवाशांनीच ओळखले. पण क्रम बघा. आधी राहणाऱ्याचा हक्क, मग पाहुण्याचा आनंद. आपल्याकडे हा क्रम उलटा आहे.

आणि क्रम उलटला की काय होते, ते दादाच्या लाडक्या सँटोरिनीने दाखवले आहे. कायमची वस्ती पंधरा-सोळा हजार. जुलै २०२४ मध्ये एका दिवशी क्रूझ जहाजांतून सुमारे १७ हजार प्रवासी उतरणार होते, तेव्हा एका स्थानिक लोकप्रतिनिधीने रहिवाशांना शक्यतो घराबाहेर न पडण्याचे आवाहन केले. लोकांनी गदारोळ केला आणि ते मागे घेतले गेले. पाहुणे येणार म्हणून घरच्यांनीच आत बसायचे! पर्यटकांना डोंगर चढवणाऱ्या गाढवांवर १०० किलोपेक्षा जास्त ओझे लादू नये, असा नियम २०१८ मध्ये ग्रीसला करावा लागला. बेटावर किती ओझे लादायचे याचा निर्णय व्हायला त्यानंतर बरीच वर्षे लागली. जुलै २०२५ पासून सँटोरिनीला उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशाकडून ऐन हंगामात २० युरो घेतले जातात.

आता दुसरी बाजू. वहिनींचे गुडघे खोटे नाहीत. लहान मुले, म्हातारे आईवडील, अपंग माणसे यांना स्वतंत्र गाडीशिवाय काही ठिकाणी जाताच येत नाही. ज्यांना आयुष्यात एकदाच आणि तेही एकच दिवस परदेशी यायला मिळते, त्यांना "सावकाश फिरा, स्थानिकांत मिसळा" असा उपदेश करणे हा दहा वर्षे परदेशात राहिलेल्यांचा माज आहे. शिवाय लाँचवाला, वाटाड्या, व्हॅनचा ड्रायव्हर यांचीही घरे त्यावर चालतात. म्हणून खाजगी सहल पाप आहे असे मी म्हणत नाही. पण तिची किंमत पूर्ण मोजली जात नाही, असे मात्र नक्की म्हणते.

ती मोजायला फार मोठी क्रांती नको. हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावर जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याकडून ऑक्टोबर २०२३ पासून १०० येन कर घेतला जातो. रहिवाशांना आणि तिथे नोकरी-शाळेसाठी ये-जा करणाऱ्यांना तो माफ आहे. घारापुरीची ग्रामपंचायतही पाहुण्यांकडून कर घेते, पण तो नाममात्र. शेकड्यांनी किंवा हजारांनी रुपये मोजून स्वतंत्र लाँच करणारा आणि कसाबसा तिकीट काढून आलेला मजूर या दोघांनी तेवढाच कर का द्यावा? खाजगी बोटीला वेगळा, घसघशीत दर लावा आणि तो पैसा ग्रामपंचायतीच्या हाती, उघड हिशेबाने, प्रवासी बोटींच्या सुरक्षिततेवर आणि शाळकरी मुलांच्या प्रवासावर खर्च होऊ द्या. वाटाड्या बेटावरचाच असावा, असा आग्रह धरा. हे दोन्ही नियम उद्या करता येतील.

आणि आपल्यापुरते बोलायचे तर, पाय धड आहेत त्यांनी निदान एका बाजूचा प्रवास उतारूंच्या बोटीने करावा. परोपकार म्हणून नव्हे. त्या बोटीत बसल्याशिवाय तिच्याबद्दल बोलायचा आपल्याला अधिकार मिळत नाही, आणि इच्छाही होत नाही.

दादा-वहिनी गेल्यावर महिनाभराने मी एकटीच साकूला गेले. मेइतेत्सुच्या गाडीने निशिओ, तिथून बस, मग शहराची बोट. जायलाच अर्धी सकाळ गेली. बोटीत शेजारी बसलेल्या बाईंना मी दादाचा प्रश्न विचारला. त्या खूप वेळ बोलत राहिल्या, दवाखान्याबद्दल, बोटीच्या वेळांबद्दल, वादळात बोट बंद झाली की काय करायचे याबद्दल. त्यांचा निम्मा बोलीतला भाग मला कळला नाही. उतरताना त्यांनी विचारले, "तुमच्या गावाकडेही बेट आहे का?"

आहे, म्हटले. या खेपेला त्याबद्दल चार गोष्टी सांगता आल्या.