प्रत्येक बोटाचा स्वर

एकाच वेळी अनेक स्वर वाजवणाऱ्या सिंथेसायझरची खरी ओढ लागते ती तो बोटाचा दाब ओळखू लागतो तेव्हा. १९७७ च्या यामाहा सीएस-८० मध्ये आठ स्वर एकत्र वाजत आणि पट्टी जितकी दाबावी तितका तिचाच स्वर खुले, शेजारचा नाही. याउलट पिंपरी-चिंचवडलगतच्या देहू-आळंदीत भजनाला रंगत आणणाऱ्या पेटीत मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, निघत नाही. आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके तिला दूर ठेवले, त्यामागे हेही कारण होते. १९८२ मध्ये मुंबईत वादक चरणजित सिंग यांनी रोलँड ज्युपिटर-८ या सिंथेसायझरवर राग वाजवले, ते स्वरांतली घसर सांभाळून. २०१८ मध्ये मान्यता मिळालेल्या एमपीई या, प्रत्येक स्वराला स्वतंत्रपणे वळवू देणाऱ्या पद्धतीत तर षड्ज-पंचम स्थिर धरून एकाच बोटाने गंधार मध्यमाकडे ओढता येतो.