तुला कळलं कसं नाही?

मैत्रिणींनो,

गेल्या तीन महिन्यांत मी एकच चित्रपट तीन ठिकाणी दाखवला. एकदा समाजकार्याच्या विद्यार्थ्यांच्या वर्गात, एकदा एका गृहनिर्माण सोसायटीच्या हॉलमध्ये आणि एकदा आपल्या वस्तीतल्या बचत गटाच्या बैठकीत. चित्रपट जेमतेम 14 मिनिटांचा. तिन्ही ठिकाणी मी पडद्याकडे कमी आणि बघणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे जास्त पाहिलं. या अंकाचं संपादकीय त्या चेहऱ्यांविषयी आहे.

चित्रपट आहे सुजॉय घोष यांचा ‘अहल्या’. जुलै 2015 मध्ये तो यूट्यूबवर आला आणि लाखो लोकांनी पाहिला. भाषा बंगाली. राधिका आपटे, सौमित्र चटर्जी आणि टोटा रॉयचौधुरी यांच्या भूमिका. ज्यांना तो अजून पाहायचा आहे त्यांनी इथेच थांबून आधी पाहून यावं, कारण शेवट सांगितल्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही.

इंद्र सेन नावाचा तरुण पोलीस अधिकारी एका घराची बेल वाजवतो. अर्जुन नावाचा माणूस बेपत्ता आहे, त्याचा तपास करायला तो आलेला आहे. दार उघडते अहल्या, तरुण आणि देखणी. इंद्राला ती घरातल्या म्हाताऱ्या माणसाची मुलगी वाटते. ती निघते त्याची बायको. नवरा गौतम साधू हा नावाजलेला कलावंत. घरात हुबेहूब माणसांसारख्या बाहुल्या मांडून ठेवलेल्या. गौतम एका दगडाची गोष्ट सांगतो. हा दगड हातात घेतला की माणसाला हव्या त्या माणसाचं रूप मिळतं म्हणे. इंद्र हसतो. मग गौतमच्या सांगण्यावरून तो दगड आणि अहल्येचा मोबाईल घेऊन वर तिच्या खोलीत जातो. आरशात पाहतो तर समोर गौतम! अहल्या त्याला नवरा समजूनच वागते आणि तो थांबत नाही. पुढच्या क्षणी तो स्वतःच एक बाहुली झालेला असतो. आतून ओरडतो आहे, पण ऐकणारं कुणी नाही.

पुराणात बाईची शिळा झाली, इथे पुरुषाची बाहुली झाली. ही उलटापालट अनेकींना आवडली, मलाही आवडली होती. सत्यजित राय यांच्या प्रोफेसर शंकूच्या एका कथेशी असलेल्या साम्याचीही त्या वेळी बरीच चर्चा झाली. पण कथा कुठून आली यापेक्षा ती बघणाऱ्यात काय जागं करते, हा आपल्या कामाचा प्रश्न आहे.

विद्यार्थ्यांच्या वर्गात शेवटी टाळ्या पडल्या. ‘बरी अद्दल घडली’ असं मुली म्हणाल्या. एक मुलगा मात्र म्हणाला, ‘‘मॅडम, तिनेच त्याला नादाला लावलं. घरात तशा कपड्यांत पाहुण्यासमोर कोण येतं?’’ वर्गात वाद झाला. सोसायटीत बहुतेक जोडपी होती. तिथे लोक हसले, दचकले, चहा प्यायले. ‘बाई कसली, विषकन्या आहे’ असं एक काका म्हणाले आणि त्यांच्या पत्नीने मान हलवली. नवरा या सगळ्यातून निसटलाच होता. ज्याने दगड दिला, ज्याने वर पाठवलं, ज्याच्या फडताळावर बाहुल्या वाढत गेल्या, त्या गौतमविषयी दोन्ही ठिकाणी कुणी चकार शब्द काढला नाही. शेवटी मला विचारावं लागलं, ‘‘आणि त्या म्हाताऱ्याचं काय?’’ उत्तर आलं, ‘‘तो बिचारा कलाकार माणूस.’’

वस्तीतली बैठक वेगळी झाली. चित्रपट बंगालीत, खालची अक्षरं इंग्रजीत. म्हणून मी पडद्याशेजारी उभी राहून एकेक वाक्य मराठीत सांगत होते. अहल्या दार उघडते तेव्हा मी म्हटलं, ‘‘बघा, कशी बघते त्याच्याकडे.’’ पुढच्याच रांगेतल्या आजींनी मला अडवलं. ‘‘ती तर काय बोललीच नाय गं. मग तू का बोललीस?’’

सगळ्याजणी हसल्या, मीही हसले. पण रात्री घरी आल्यावर ते वाक्य मनातून जाईना. एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला शिकवलं होतं की ऐकताना आपलं मत मध्ये आणू नये. बारा वर्षं पीडित स्त्रियांबरोबर काम केल्यावरही मी न बोललेल्या बाईच्या तोंडी माझा संशय घातला होता. पडद्यावर ती फक्त दार उघडून उभी होती. ‘कशी बघते’ हे कॅमेऱ्याने मला सांगितलं, कारण कॅमेरा त्या वेळी इंद्राच्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहत होता. त्या मुलात आणि माझ्यात त्या क्षणी फारसा फरक नव्हता.

चित्रपट संपल्यावर बायका थोडा वेळ गप्प होत्या. मग मागून एकीने विचारलं, ‘‘ताई, त्याने नवऱ्याचं रूप घेतलं होतं ना? मग तिला कसं कळणार?’’

हे विचारणारी बाई आपल्या केंद्रात वर्षभर येते आहे. तिचं नाव इथे देत नाही. ती पोळ्या लाटायची कामं करते. 2021 मध्ये एका माणसाने बायको वारल्याचं सांगून देवळात तिच्याशी लग्न केलं. मंगळसूत्र, हळदीकुंकू, चार माणसांचं जेवण, सगळं रीतीप्रमाणे. अडीच वर्षं संसार झाला. मग एके दिवशी गावाहून पहिली बायको रेशनकार्ड घेऊन दारात उभी राहिली. ही चौकीत गेली तेव्हा पहिला प्रश्न होता, ‘‘अडीच वर्षं? तुला कळलं कसं नाही?’’ अदखलपात्र नोंद करून तिला परत पाठवलं. आईने तेच विचारलं, शेजारणीने तेच विचारलं. आता ती स्वतःला तेच विचारते.

मैत्रिणींनो, हा प्रश्न फार जुना आहे. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात इंद्र गौतमाचं रूप घेऊन येतो, तेव्हा अहल्येने त्याला ओळखलं होतं आणि कुतूहलापोटी होकार दिला होता, असं सांगितलं आहे. उत्तरकांडात मात्र आपण त्याला ओळखलं नव्हतं, असं ती म्हणते. म्हणजे एकाच ग्रंथात तिच्या बाजूने आणि विरुद्ध अशा दोन्ही साक्षी आहेत. बालकांडात तिची शिळा होतच नाही. वाऱ्यावर जगत, राखेत पडून, कुणाला न दिसता राहण्याचा शाप तिला मिळतो. शिळा पुढच्या काळातल्या कथांनी केली. ‘तिला कळलं होतं का’ यावर शतकानुशतकं खल चालू राहिला. इंद्रालाही शिक्षा झाली, पण ‘तू रूप का बदललंस’ यावर तसा खल झाल्याचं दिसत नाही. पहाटे पाच पतिव्रतांच्या नावांत आपण तिचं नाव पहिलं घेतो आणि दुपारी शेजारणीला विचारतो, तुला कळलं कसं नाही?

आता कायदा पाहू. 1860 च्या भारतीय दंड संहितेत बलात्काराच्या व्याख्येत, कलम 375 मध्ये, चौथं वर्णन होतं. आपण या स्त्रीचे नवरे नाही हे पुरुषाला माहीत आहे, पण तो आपला विधिवत नवरा आहे असा समज असल्यामुळे तिने संमती दिली, तर ती संमती नव्हे, तो बलात्कार. ही जवळजवळ अहल्येचीच गोष्ट आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम 63 मध्ये हे वर्णन तसंच कायम आहे. आमच्या मैत्रिणीची घटना त्याआधीची, म्हणून तिला जुनी संहिता लागू होते.

हे कलम केवळ रूप बदलणाऱ्या इंद्रासाठी नाही. पहिलं लग्न लपवून दुसरं करणाऱ्याला ते लागू होतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये चंदीगडच्या एका प्रकरणात मान्य केलं आहे. शिवाय पहिलं लग्न लपवून दुसरं करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि दुसऱ्या बाईलाही त्याची तक्रार करता येते, असं त्याच न्यायालयाने 2011 मध्ये सांगितलं. म्हणजे कायदा विचारतो, ‘त्याला माहीत होतं का?’ चौकीत विचारतात, ‘तुला कळलं कसं नाही?’ या दोन प्रश्नांमधल्या अंतरात बाई चिरडली जाते.

कायदा फार पुरोगामी आहे, असं मात्र कुणी समजू नये. खोट्या नवऱ्याला शिक्षा सांगणारं हेच कलम खऱ्या नवऱ्याला मोकळं सोडतं. पत्नी 18 वर्षांची झाली की तिच्या मनाविरुद्ध झालेला संबंध बलात्कार मानला जात नाही, हा अपवाद नव्या संहितेतही ठेवला आहे. चित्रपट आला तेव्हा, 2015 मध्ये, व्यभिचाराचं कलम 497 अस्तित्वात होतं. नवऱ्याच्या संमतीने किंवा त्याने कानाडोळा केल्याने परपुरुष आला, तर तो गुन्हाच नव्हता. म्हणजे त्या कलमाच्या हिशेबी गौतम साधूने धाडलेला इंद्र निर्दोष ठरला असता. बायको नवऱ्याची मालमत्ता, हा त्यामागचा विचार. सर्वोच्च न्यायालयाने ते कलम 27 सप्टेंबर 2018 रोजी रद्द केलं.

आता पुन्हा प्रेक्षकांकडे येते. प्रेक्षकाची प्रतिक्रिया म्हणजे नुसती करमणूक नाही, तिच्यात ताकद असते. 1987 चा ‘फेटल अ‍ॅट्रॅक्शन’ हा अमेरिकन चित्रपट आठवून पाहा. त्याचा उगमही ‘डायव्हर्जन’ नावाच्या 1980 च्या एका छोट्या ब्रिटिश चित्रपटात आहे. विवाहित पुरुषाचं परस्त्रीशी प्रकरण, मग तो तिला टाळतो, मग तिचा सूड. मूळ शेवटात ती स्त्री आत्महत्या करते आणि संशय त्या पुरुषावर येतो. चाचणीच्या खेळांमध्ये प्रेक्षकांना हा शेवट आवडला नाही. म्हणून शेवट नव्याने चित्रित केला. त्यात बायको नवऱ्याच्या प्रेयसीला गोळी घालते आणि कुटुंब वाचतं. ती भूमिका करणाऱ्या ग्लेन क्लोज यांचा या बदलाला विरोध होता, तरी तो झाला. प्रेक्षकांना दोषी बाई मेलेली बघायची होती, आणि तीही दुसऱ्या बाईच्या हातून. चित्रपटाचा शेवट बदलता येतो, तसाच चौकीतल्या तक्रारीचा शेवटही आजूबाजूच्या ‘प्रेक्षकां’च्या मतावर बदलतो, हे आपण रोज पाहतो.

म्हणून ‘अहल्या’बद्दलही माझं समाधान आता अर्धंच उरलं आहे. पुरुषाला कसोटीला लावलं, हे चांगलं झालं. इंद्राला आरशात दुसऱ्याचा चेहरा दिसत होता, म्हणजे फसवणूक चालली आहे हे त्याला पक्कं माहीत होतं. ‘मी तो नाही’ एवढं म्हणून तो खोलीबाहेर पडू शकला असता. पण अहल्येचं काय? तिला हे हवं होतं का? नवऱ्याच्या खेळात ती भागीदार आहे की तीही त्याच्या फडताळावरची एक बाहुली? चित्रपट सांगत नाही. भयपटात ते चालतही असेल. मात्र तिच्या त्या मौनात ज्याने त्याने आपल्याला हवं ते भरलं. मुलाने नखरा भरला, काकांनी विष भरलं आणि मी संशय भरला. रिकामं ठेवण्याचं धाडस फक्त आजींनी केलं.

आमच्या मैत्रिणीची लेखी तक्रार आम्ही आता वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे दिली आहे. सोबत देवळातली पावती, लग्नाचे फोटो आणि पहिल्या बायकोचा जबाब. हो, त्या पहिल्या बायकोनेच पुढे होऊन जबाब दिला. ‘‘तिला पण फसवलं नि मला पण,’’ एवढंच ती म्हणाली. तिलाही सगळ्यांनी हेच विचारलं होतं, इतकी वर्षं नवरा शहरात काय करतो ते तुला कळलं कसं नाही? निकाल काय लागेल, आज सांगता येत नाही. पण त्या दोघी आता एकाच बाकावर बसून चौकीत थांबतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आपल्या गटात हा किंवा असा एखादा छोटा चित्रपट जरूर दाखवा. दाखवताना मधे बोलू नका. संपल्यावर ‘चूक कुणाची’ असं न विचारता ‘कुणाला काय माहीत होतं आणि त्याने काय केलं’ असं विचारा. जे बोललंच गेलं नाही ते कुणाच्या तोंडी घातलं जातंय का, यावर लक्ष ठेवा. आणि पुढच्या वेळी एखादी बाई आपल्याकडे आली आणि ‘तुला कळलं कसं नाही’ हे शब्द ओठांवर आले, तर तिथेच थांबा. मीही थांबायला शिकते आहे.

आपले अनुभव आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात ते छापू.

तुमची,
संपादक मंडळाच्या वतीने एक कार्यकर्ती