कात्री लागलेले वस्त्र

दिवाळी जवळ आली की धंतोलीतल्या आमच्या वसतिगृहाच्या दारात जुन्या कपड्यांची बोचकी येऊ लागतात. देणाऱ्यांच्या मनात स्नेह असतो, याविषयी आम्हांला शंका नाही. तरीही ती बोचकी उघडताना आमचा हात अडखळतो. एका स्नेहसंमेलनात नाटिकेतील आमचा विद्यार्थी रंगमंचावर आला आणि पाहुण्यांतील एक लहान मूल आनंदाने ओरडले, "आई, तो बघ माझा शर्ट!" त्या बालकाचा दोष नव्हता. पण आमचा विद्यार्थी आपले वाक्य विसरला, आणि पडदा पडेपर्यंत त्याला ते आठवले नाही.

तेव्हापासून आम्हा शिक्षकांपैकी काहींचे म्हणणे आहे की जुने कपडे घेणेच बंद करावे. त्यांच्या बोलण्यामागे मोठा इतिहास आहे. चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे ल्यावीत, शूद्र सेवकाला उष्टे अन्न व जीर्ण वस्त्रे द्यावीत, असे मनुस्मृतीचा दहावा अध्याय सांगतो. तो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जाळण्यात आला. त्यानंतर दोनच दिवसांनी, तेथेच, अस्पृश्यतेची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची पद्धत व दागिने टाकून द्या, असे त्यांनी स्त्रियांना सांगितले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात लाखो लोक शुभ्र वस्त्रे परिधान करून दीक्षेला आले. अशा समाजाच्या मुलांना उतरलेले कपडे देताना दहा वेळा विचार केला पाहिजे, हे आम्हांला मान्य आहे.

मात्र वस्त्राचा आणखी एक इतिहास आपलाच आहे. भिक्षूचे पांसुकूल चीवर म्हणजे उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या चिंध्यांचे वस्त्र. स्मशानातले तेच कापड मनूने चांडाळावर लादले आणि भिक्षूने आपण होऊन उचलले. उचलल्यावर त्याने ते तसेच अंगावर घेतले नाही. विनयातील कथा प्रसिद्ध आहे: मगधातील बांधाबांधांची शेते पाहून भगवंतांनी आनंदांना तशा रचनेचे चीवर करण्यास सांगितले. कापड कापायचे, तुकडे जोडायचे, रंगवायचे. कापलेल्या वस्त्राचा चोरालाही लोभ सुटत नाही, आणि ते पूर्वी कोणाचे होते हेही ओळखू येत नाही. आमच्या मते सारा प्रश्न या कात्रीपाशी सुटतो.

कौशांबीच्या उदयन राजाने आनंदांना विचारले होते, राण्यांनी दिलेल्या पाचशे वस्त्रांचे तुम्ही काय करणार? ज्यांची चीवरे विरली आहेत त्या भिक्षूंना वाटू, असे आनंद म्हणाले. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची आंथरुणे, आंथरुणांचे अभ्रे, पुढे बसकरे, पायपुसणी, झाडणी. आणि शेवटी चिखलात मळून जमिनीचा गिलावा. आपल्या आज्याही वेगळे काय करीत होत्या? विरलेल्या लुगड्याला दंड घालीत, ते फाटले की वाकळ शिवीत, उरलेले बोहारणीच्या टोपलीत जाई. वाकळीखाली निजताना ती कोणाच्या लुगड्याची आहे याची लाज कोणाला वाटली नाही. ते लुगडे घरातलेच असे, म्हणूनही असेल.

म्हणून आमचे मत असे की आलेला कोणताही कपडा जसाच्या तसा मुलाच्या अंगावर चढू नये. रोजचे कपडे संस्थेने नवेच द्यावेत, त्यात काटकसर नको. बोचक्यातले मात्र सारे शिवणाच्या वर्गात जावे. सुती चादरींतून अशोकाच्या दरबारातील उत्तरीये होतात, साडीच्या काठांचे शेले होतात, जीन्सच्या पायांची दप्तरे तर बाजारातल्या दप्तरांहून टिकतात. टेरिकॉट घरगुती रंग नीट धरीत नाही. त्याचे अस्तर करावे. शिवण मुलींनीच शिकावी हा समज येथे चालू देऊ नये; विनयात सुई भिक्षूच्या हातात आहे. कठीण चीवर तर संघाने मिळून एकाच दिवसात कापून, शिवून, रंगवून पुरे करायचे असते. वर्षावासानंतरचा असा एक दिवस साऱ्या शाळेने शिवणाला द्यावा.

देणाऱ्यांना विनंती एवढीच की कपडे धुऊन द्यावेत आणि देताना मुलांसोबत छायाचित्राचा आग्रह धरू नये. शिवणाच्या वर्गात सध्या एकच मशीन आहे. दुसरे मिळाले तर यंदाच्या संमेलनाचे पोशाख वेळेत होतील.