सुईणींची कदर

अमेरिकेचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांसमोर मोठमोठी इस्पितळे येतात. पण त्याच देशाच्या दक्षिणेकडील राज्यांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खेड्यापाड्यांतल्या असंख्य कृष्णवर्णीय बायका घरीच बाळंत होत. वर्णभेदामुळे अनेक इस्पितळांचे दरवाजे त्यांना बंद होते आणि डॉक्टरची फी परवडत नसे. अशा वेळी धावून येत त्या कृष्णवर्णीय सुईणी. लोक त्यांना ‘ग्रॅनी’, म्हणजे आजी म्हणत.

जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनी गावच्या मेरी कोली यांनी तीन हजारांहून अधिक बाळंतपणे केली. मूल जन्मले की काम संपले, असे त्यांनी मानले नाही. बाळंतिणीच्या घरचा स्वयंपाक, धुणे, मोठ्या मुलांची देखभाल, जन्माची नोंद हेही त्या पाहत. नव्या सुईणींना शिकवण्यासाठी त्यांच्या कामावर एक चित्रपट काढला गेला. 1953 सालचा तो चित्रपट आज अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहात आहे.

साउथ कॅरोलिनातल्या मॉड कॅलन या तर शिकलेल्या परिचारिका. बाळंतपणे करता करता त्यांनी गावोगावच्या बायकांनाही सुईणीचे काम शिकवले. डिसेंबर 1951 मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात त्यांच्या कामाची छायाचित्रे छापून आली. ती पाहून वाचकांनी पैसे पाठवले आणि त्यातून 1953 मध्ये त्यांचा दवाखाना उभा राहिला.

इतके करूनही या बायकांच्या वाट्याला काय आले? माता आणि अर्भके दगावत, त्याचे मोठे कारण गरिबी आणि उपचारांचा अभाव हे होते. दोष मात्र सुईणींवर ढकलला गेला. त्यांना अडाणी, अस्वच्छ ठरवण्यात आले. 1921 च्या कायद्याने सरकारी पैसा आला, तेव्हा त्यांच्यासाठी वर्ग भरू लागले. त्या हात निर्जंतुक करायला शिकल्या, नवजात बाळाच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायला शिकल्या, आपली पिशवी तपासून घेऊ लागल्या. शिकायला त्या कधीच तयार नव्हत्या असे नाही. तरीही पुढे एकेका राज्याने त्यांचे परवाने बंद केले. अलाबामाने 1976 मध्ये तसा कायदा केला. तिथल्या मार्गारेट चार्ल्स स्मिथ यांच्या हातून तोवर तीन हजारांवर मुले जन्मली होती.

इस्पितळ नको, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. अडलेल्या बाईला शस्त्रक्रिया लागते, रक्त लागते. पण इस्पितळ आले म्हणून उशाशी बसणारे जाणते माणूस घालवायला हवे होते का? 2023 मध्ये अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे 14.5 गोऱ्या माता दगावल्या. कृष्णवर्णीय मातांचे हेच प्रमाण 50.3 होते. इतक्या श्रीमंत देशात ही तफावत आहे. तिची कारणे अनेक आहेत. परंतु बाईचे दुखणे ऐकून त्यावर विश्वास ठेवणारे कोणी जवळ नसणे, हे त्यांतले एक आहे, असे तिथल्या मातांच्या अनुभवांवरून दिसते.

आज तिथे नव्या पिढीच्या कृष्णवर्णीय सुईणी रीतसर शिक्षण घेऊन पुन्हा हे काम करीत आहेत. त्यांना शिक्षण, परवाना, योग्य मोबदला आणि डॉक्टरांच्या बरोबरीने बसायला जागा मिळाली, तरच जुन्या सुईणींची खरी कदर झाली असे आम्ही म्हणू. नुसते हार घालून ते ऋण फिटणारे नाही.